सुरात गाणारा पेक

“मी उडी मारतो,” टिडिर म्हणाला.

“कुठून?” एमिरने विचारलं.

“कड्यावरून. खाली ड्रॅगन झोपलाय ना? त्याच्या पाठीवर पडलो तर जिंकलो, नाहीतर मेलो. त्यात काय?”

“अरे, हा बुटका तू आत्ताच कुठे नवा केलास. त्याला जरा जगू तरी दे.”

“आधीचा कुठे दुःखात आहे? पलीकडे बसून फुकटची बिअर ढोसतोय. तूच दाखवलंस ना आम्हाला?”

लाउरी खुदकन हसली. मेन्ना हसली नाही. ताटलीतल्या मनुकांच्या पावाचा चुरा ती बोटाने एका जागी ओढत राहिली. सकाळपासून पाच घरं करून ती आली होती आणि टेबलाखाली तिने बूट हळूच काढून ठेवले होते.

टिडिरने फासा टाकला. बुटका नेमका ड्रॅगनच्या पाठीवर पडला. “बघा!” टिडिर म्हणाला, पण त्याच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मरणाची भीती नव्हती, तशी वाचल्याची गंमतही राहिली नव्हती.

खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मी अमुक करतो म्हणायचं, फासा टाकायचा आणि फासा देईल ते भोगायचं. राक्षस, किल्ले, जादू, सगळं तोंडी. गोष्ट एमिर सांगायचा. दर शनिवारी दुपारी चॅपेलच्या मागच्या खोलीत हे लोक जमत. चॅपेलमध्ये आता फक्त सणाला प्रार्थना होई, पण मागच्या खोलीची किल्ली एमिरकडे होती, कारण तो तिथल्या उरल्यासुरल्या गायकमंडळींत वरच्या पट्टीत गायचा. भिंतींना ओल होती, उबेला गरम पाण्याची एक जुनी नळी होती, आणि चहाची किटली मात्र पन्नास माणसांना पुरेल एवढी.

पाटीच्या दगडाच्या खाणींभोवती वसलेल्या आमच्या या वेल्श गावात आडनावं मोजकीच. अर्ध्या गावाचं जोन्स, उरलेल्याचं विल्यम्स. म्हणून माणूस ओळखायचा तो कामावरून. टायर बदलणारा तो टायर-एमिर. छपरांवर पाट्या बसवणारा तो छप्पर-टिडिर. मेन्नाचा नवरा बस चालवायचा म्हणून तो बस-ग्विलिम, आणि ती बस-मेन्ना. ग्विलिम गेला तरी तिचं नाव तेच राहिलं. तिला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

मेन्ना घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायची, धुवायची, मोजे चढवायची, गोळ्या द्यायची. खेळात आली तेव्हा एमिर म्हणाला होता, “तू वैदू हो, तुला शोभेल.” ती म्हणाली, “नको रे बाबा. दिवसभर दुसऱ्यांची अंगं पुसते. इथे तरी तलवार दे.” तेव्हापासून ती सारेन होती. सारेन म्हणजे उंच, फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी तलवारवाली. वैदूपण लाउरीकडे गेलं. लाउरी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची. वयाने लहान, म्हणून मेन्नाला ती ‘तुम्ही’ म्हणे. पण खेळ सुरू झाला की सारेनला बिनदिक्कत ‘तू’ आणि वर ‘गाढवे’सुद्धा म्हणायची.

आणि ग्विलिम होता पेक.

पेक म्हणजे भटका गवई. ही निवड ऐकून सगळं गाव हसलं होतं. आमच्याकडे मूल रडतं तेही तालात, असं म्हणतात. तिथे ग्विलिम जन्माला आला ठार बेसूर. तरुणपणी गायकमंडळींत गेला, तर म्होरक्या दोन रविवार ऐकून म्हणाला, “ग्विलिम, तू नुसते ओठ हलव. आवाज बाकीचे काढतील.” बिचाऱ्याने वर्षानुवर्षं ओठ हलवले. म्हणून खेळात मिळालेली संधी त्याने सोडली नाही. पेक झाला की तो छाती भरून गायचा. राक्षस कान झाकून पळाले असं एमिरला जाहीर करावं लागे, कारण खरोखर खिडकीवरची कबुतरं उडालेली असत.

दोन हिवाळ्यांपूर्वी ग्विलिमची फुप्फुसं बसली. शेवटच्या शनिवारी तो ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन आला, नाकात नळी. त्या दिवशी बाकीच्यांना निसटू देण्यासाठी पेक पुलावर एकटा उभा राहिला. धापा टाकत ग्विलिमने दोन ओळी गायल्या आणि फासा टाकला. वाईट पडला. एमिर म्हणाला, “टेबल हललं वाटतं. परत टाक.” ग्विलिमने मान हलवली. “नाही हललं,” तो म्हणाला. “त्याला जाऊ दे. माझ्या आधी जाऊ दे, म्हणजे कुणा दुसऱ्याच्या हाती लागायचा नाही.”

पुढे काही आठवड्यांनी ग्विलिम इस्पितळात गेला तो परत आला नाही. दफनाला सगळं गाव होतं. मेन्नाने सगळ्यांना चहा दिला, कुणाला साखर किती ते विचारलं, कपबश्या विसळल्या. डोळ्यांत टिपूस आलं नाही. “खंबीर आहे हो,” बायका म्हणाल्या. ती खंबीर नव्हती, दमलेली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला कुणाचेतरी मोजे चढवायचे होते.

पण शनिवारी सारेन पुलावर थांबली आणि रडली. “सारेन रडते,” एवढंच मेन्ना म्हणाली. टिडिरच्या बुटक्याने शिरस्त्राण काढलं. पुढे कितीतरी शनिवार कुठलीही मोहीम असो, जाताना सारेन पुलावर थांबायची. आठवड्याच्या सहा दिवसांत जे मेन्नाला जमत नव्हतं, ते सातव्या दिवशी सारेन तिच्याकरता करून ठेवायची. तेवढ्या आधारावर मेन्नाचं चाललं होतं.

एमिर मनाचा मऊ. त्याला वाटलं, हिच्यासाठी काहीतरी करावं. वसंतात त्याने गोष्टीला वळण दिलं. वीर एका राखाडी तळ्यापाशी आले, धुकं उठलं, आणि पलीकडचा किनारा दिसला. झाडं, उजेड, आणि मेलेली सगळी माणसं धडधाकट, हसत. पुजाऱ्याची कहाणी नाही, स्वप्न नाही, डोळ्यांनी, भरदुपारी. पुढेच पेक उभा राहून टोपी हलवत होता.

त्या दिवशी सगळ्यांना भरून आलं होतं. मेन्नालाही.

पण पुढच्या शनिवारपासून खेळाला कसर लागली. आधी टिडिरच्या बुटक्याची भीड चेपली. तो आगीत शिरला आणि मेला, त्याने नवा केला. मग लाउरीच्या वैदूने जखमा बांधणं सोडलं. “तिकडे आपोआप बरं होतं ना? मग माझं मलम का वाया घालवू?” पूर्वी त्यांच्या बरोबरचा एखादा हमाल मेला तर टिडिर स्वतः खड्डा खणायचा, लाउरी दोन शब्द बोलायची. आता पुढच्या फरशीखाली सापळा आहे का ते बघायला त्यांनी हमालालाच पुढे घातलं. तो गेला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. चेष्टेत म्हणत होते, पण जगतही तसेच होते: आज काय, उद्या काय, पलीकडे सगळं छानच आहे.

आणि पुलापाशी आले तेव्हा लाउरी म्हणाली, “चल गं सारेन, थांबतेस काय? तो मजेत आहे. पाहिलंस ना?”

सारेनने तलवार उचलली. ती पुढे चालू लागली.

आज खेळ संपवताना एमिर म्हणाला, “पुढच्या वेळी तळ्याला होडी लागणार. ज्याला पलीकडे जायचंय त्याने बसावं. मात्र परतीचा प्रवास नाही.”

बाकीचे गेल्यावर तो मेन्नाबरोबर कप विसळायला थांबला.

“मेन्ना, ते तुझ्यासाठी केलंय मी. जाऊ दे सारेनला पेककडे. त्याचं मी बोलेन. मला जमतो त्याचा आवाज.”

“जमतो तुला,” मेन्ना म्हणाली. एमिर कुणाचीही हुबेहूब नक्कल करतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

“मग?”

“बघू. पाय फार दुखतायत रे.”

“हुइल,” म्हणाला तो, आमच्याकडे निघताना म्हणतात तसं, आणि दिवा मालवायला गेला.

*

मेन्नाच्या म्हाताऱ्यांपैकी मिसेस बेब नव्वदीच्या पुढच्या. वडील नामांकित उपदेशक, त्यामुळे बाई अंथरुणातूनही व्यासपीठावरूनच बोलत.

“पाणी थंड आहे.”

“गरम आहे, मिसेस बेब. माझा हात भाजतोय.”

“मग मी थंड आहे. सुरुवात झाली म्हणायची.”

“असं बोलू नका. पाठ करा इकडे.”

मेन्नाने पाठ पुसली. कातडी कागदासारखी झाली होती, जपून पुसावी लागे. पुसता पुसता तिने विचारलं, “तुमची खात्री आहे ना? तिकडची?”

“खात्री? अगं, तिकीट काढून ठेवलंय. गाडीच येत नाही मेली.”

“मग मिस्टर बेब गेले तेव्हा रडलात का तुम्ही?”

“रडले? घर डोक्यावर घेतलं! शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.”

“पण ते चांगल्या जागी गेले हे माहीत होतं ना?”

मान वळवून मिसेस बेबनी मेन्नाकडे नीट पाहिलं. “कुणी सांगितलं तुला, माहीत असलं की रडायचं नसतं?”

“कुणी नाही. असंच.”

“बाबांचं एक प्रवचन होतं. डोंगरापलीकडून माणसं चालत यायची ऐकायला. सगळं एका शब्दावर. हुइल.” त्यांनी ओला हात उचलून बोटांवर मोजलं. “हुइल म्हणजे जहाजाचं शीड. हुइल म्हणजे निरोप. आणि बोलता बोलता उपदेशकाचा आवाज चढतो, शब्दांना आपोआप चाल लागते, समोरची माणसं हलायला लागतात, तेही हुइल. बाबा म्हणायचे, लेकरांनो, एक शब्द तीन घरं का राखतो? कारण ती तीन घरं नाहीत, एकाच घराच्या तीन खोल्या आहेत.”

मेन्नाने टॉवेल घेतला, पण हात थांबले.

“धक्क्यावर एक आई उभी आहे. पोरगा अमेरिकेला चाललाय. तिकडे देश आहे हे तिला पक्कं ठाऊक. शेजारणीची दोन पोरं गेलीत, त्यांची खुशाली येते, तिकडचा पाव आपल्यापेक्षा पांढरा आहे. तरी बाई ऊर फुटेस्तोवर रडतेय. चॅपेलचा पंच म्हणतो, बाई, रडतेस का? पलीकडे किनारा नाही का? ती म्हणते, आहे की. तो किनारा त्याचा. हा धक्का माझा.”

इथे म्हातारीचा आवाज बदलला. आधी नुसता लांबला, मग वर चढला, आणि मग ती बोलतेय की गातेय हे मेन्नाला सांगता आलं नसतं. “किनारा आहे, किनारा आहे… देवाने पलीकडे किनारा दिला, आणि अलीकडच्यांना डोळे दिले… एक पदरात घेऊन दुसरं परत कसं करू, रे देवा, परत कसं करू…” आवाज चिरका, दात नाहीत, ओल्या पाठीवर साबणाचा फेस. पण त्या खोलीत बाबांचं सगळं चॅपेल येऊन बसलं होतं, मागच्या बाकांपर्यंत भरलेलं. नामाचा गजर ऐकताना माणूस जसा जागच्या जागी उभा राहतो, तशी मेन्ना उभी होती.

वरच्या सुरावर म्हातारीला खोकला आला.

“टॉवेल!” ती म्हणाली. “ओली ठेवून मारतेस का मला?”

*

शनिवारी होडी लागली.

“मी बसलो,” टिडिर म्हणाला. “खिडकीजवळची जागा.”

“होडीला खिडकी नसते रे.”

“मग काठाची.”

लाउरीची वैदूही बसली. एमिरने मेन्नाकडे पाहिलं. मग त्याने खांदे किंचित पुढे घेतले, हनुवटी खाली केली, आणि घशातून ती खरखर काढली. ग्विलिम समोर येऊन बसावा तशी.

“काय गं सारेन! उशीर करतेस? बस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?”

टिडिरचा कप तोंडाशीच राहिला. हे वाक्य ग्विलिम रोज सकाळी थांब्यावर म्हणायचा, बायकोलासुद्धा.

मेन्नाने टेबलाची कड धरली. ती म्हणाली, “पेक, एक गाणं म्हण ना.”

एमिरचा चेहरा उजळला. त्याला हेच हवं होतं. तो उठून उभा राहिला आणि गायला. जुनी चाल, मंद, आणि आवाज तर असा की पाण्यावर तेल पसरावं. एकही सूर ढळला नाही. शेवटचा स्वर छताशी जाऊन टेकला आणि तिथेच विरला.

“बघितलंस?” पेकच्या आवाजात एमिर म्हणाला. “इकडे सगळे सुरात गातात. मीसुद्धा.”

यात त्याचा काहीच दोष नव्हता. आमच्यात यापेक्षा मोठं दुसरं काय द्यायचं एखाद्याला? आमचा कुणीही असता, त्याने स्वर्गात ग्विलिमला सूरच दिला असता.

लाउरीने डोळे पुसले. “सारेन, चल ना. ये.”

“छान गातोस,” सारेन म्हणाली.

मेन्नाने टेबलाची कड सोडली.

“खरंच छान. तुला पोचलेलं पाहिलं, बरं वाटलं. पण मी पुलावर ज्याला सोडून आले, तो बेसूर होता. त्याचं माझं अजून संपलेलं नाही.”

एमिरचा चेहरा पांढरा पडला. ग्विलिमचे खांदे त्याच्यावरून गळून गेले, उरला तो टायर-एमिर, काळी नखं लपवणारा. “मेन्ना… मी… थांब, मी पुन्हा गातो. त्याच्यासारखं. मला तसंही जमेल.”

“नको रे राजा,” मेन्ना म्हणाली. “तो तिकडे सुरात गात असेल तर गाऊ दे. किती हौस होती त्याला. पण त्या ग्विलिमची ओळख मला तिकडे पोचल्यावर करून घेऊ दे. आज नको.”

तिने ‘पेक’ म्हणायच्या ऐवजी ‘ग्विलिम’ म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं नाही. बाकीच्यांच्या आलं.

“पण तुम्ही…” लाउरी म्हणाली, आणि खेळ चालू असताना ‘तुम्ही’ म्हटल्यावर तीच गोंधळली. “म्हणजे, तू मागे राहतेस कशाला, सारेन? किनारा तर आहे. तो दिसतोय.”

“आहे ना. मी कुठे नाही म्हणते? दर सणाला चॅपेलमध्ये म्हणते, आहे म्हणून.” मेन्नाने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. “पण निरोप द्यायला इकडे कुणी नको का? सगळेच टुणकन उडी मारून होडीत बसले, तर जाणाऱ्याला आपण कुणाचे होतो ते कळणार कसं?”

“मग सारेन काय करते?” एमिरने हळूच विचारलं. गोष्ट सांगणाऱ्याला विचारावंच लागतं.

“सारेन होडीत बसत नाही. धक्क्यावर बसते. रडते.”

या वेळी सारेन एकटी रडली नाही. मेन्नाचे खांदे हलायला लागले, आणि मग आवाज आला. जाडा, कुठल्याच पट्टीत न बसणारा, दोन हिवाळे पोटात धरून ठेवलेला. रुमाल शोधायला लाउरी उठली, तर तिची खुर्ची पडली. एमिर हातात फासा घेऊन उभा होता. टाकावा की ठेवावा त्याला कळेना. शेवटी त्याने तो खिशात घातला.

“मी उतरतो,” टिडिर म्हणाला.

“अं?”

“होडीतून. माझा बुटका उतरतो.”

“का?”

टिडिर छपरावर चढणारा माणूस, त्याला बोलायला फार सुचत नाही. त्याने कानामागे खाजवलं. “ती एकटी बसलीय,” तो म्हणाला. “आणि होडी तशी बरी नाही वाटत.”

“मी पण,” लाउरी म्हणाली. खुर्ची उचलून ती मेन्नाच्या शेजारी लावून बसली. टिडिर दुसऱ्या बाजूला आला, मध्ये एक हात अंतर ठेवून, चॅपेलमध्ये पुरुष बसतात तसा. एमिर थोडा वेळ टेबलाच्या पलीकडे एकटाच राहिला. पलीकडचा किनारा त्याच्या बाजूला होता. मग तोही वळसा घालून इकडे आला.

“होडी सुटली,” त्याने सांगितलं. “रिकामीच.”

किटलीत पाणी उकळून उकळून आटत होतं, कुणी उठलं नाही. चार मोठी माणसं एका रांगेत बसून समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत राहिली, होडी दिसेनाशी होईपर्यंत.